पस्तापूरच्या संघमांची चाळीस वर्षं

१९८३च्या जानेवारीत एन. टी. रामाराव आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले आणि दोन रुपये किलोने तांदूळ देण्याचं निवडणुकीतलं वचन त्यांनी त्याच वर्षी पाळायला घेतलं. हैदराबादहून सोलापूरकडे येणाऱ्या महामार्गावर, आताच्या तेलंगणात, जहीराबाद लागतं. तिथल्या आसपासच्या गावांत डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेचं कामही त्याच वर्षी सुरू झालं. दोन्ही गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण पस्तापूर गावात ठाण मांडून बसलेल्या या संस्थेने पुढे जे जे केलं, त्याचं कारण शोधायला गेलं की त्या दोन रुपयांच्या तांदळापाशी यावंच लागतं.

उदगीर-उमरग्याच्या माणसाला हा मुलूख परका वाटणार नाही. १९५६पर्यंत सगळा एकाच हैदराबाद राज्यात होता. जमीन कुठे काळी, कुठे लाल मुरमाड, पाणी पावसाचं, खाणं ज्वारीच्या भाकरीचं आणि तुरीच्या वरणाचं. फरक भाषेचा आणि मालकीचा. इथल्या दलित कुटुंबांना जमीन मिळाली ती कमाल जमीन धारणा कायद्यानंतर, सरकारी वाटपातून. एकर-दोन एकराचे तुकडे, बहुतेक दगडगोट्यांचे, उताराचे, ज्यांच्याकडे गावातल्या सधन शेतकऱ्याने कधी ढुंकून पाहिलं नसतं. जमिनीचा कागद नावावर आला, औत काही आलं नाही. तुकडे पडीक राहिले आणि त्यांचे मालक दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जात राहिले.

त्यात रेशनचा तांदूळ आला. तो गोदावरी-कृष्णेच्या बागायती पट्ट्यात पिकलेला, सरकारने हमीभावाने उचललेला आणि अनुदानाने स्वस्त झालेला. तांदळाने अनेकांची उपासमार टळली हे खरं आहे, आणि शहरात बसून त्या योजनेला नाकं मुरडणं सोपं आहे. पण कोरडवाहू मुलुखात तिचा उलटा परिणामही झाला. दोन रुपयांत तांदूळ मिळत असताना मुरमाड जमिनीत ज्वारी कशाला पेरायची? ज्वारी कमी झाली तसा कडबा कमी झाला. कडबा नाही म्हणून जनावरं विकली गेली, जनावरं नाहीत म्हणून शेणखत नाही, आणि खत नाही म्हणून आधीच हलकी असलेली जमीन आणखी हलकी झाली. ज्वारीच्या शेतातली खुरपणी, कापणी, मळणी गेली, म्हणजे मजुरीचे दिवसही गेले. मग तांदूळ घ्यायला लागणारे दोन रुपये तरी कुठून आणायचे? रेशनचं धान्य महिनाभर पुरत नसे, उरलेल्या दिवसांसाठी बाजार होताच. शेती बदलण्याविषयी आपल्याकडे बोलणं निघालं की प्रशिक्षण, जीवामृत, गांडूळखत यांच्यापासून सुरुवात होते. पस्तापूरची सुरुवात या साखळीपासून झाली, म्हणून ती वेगळी.

संस्था काढणारे लोक बाहेरचे होते. हैदराबादच्या काही व्यावसायिकांचा तो छोटा गट होता. त्यांतले पी. व्ही. सतीश मूळचे म्हैसूरचे, दूरदर्शनमध्ये निर्माते. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या २,४०० गावांत टीव्हीचे कार्यक्रम दाखवण्याचा जो प्रयोग झाला, त्याच्या ग्रामीण कार्यक्रमांशी त्यांचा संबंध आला होता. शेतीतलं शिक्षण नव्हतं, शेतकी विद्यापीठाची पदवी नव्हती. माझ्या मते हेच त्यांच्या पथ्यावर पडलं. शिकवण्यासारखं फारसं हाताशी नसल्यामुळे त्यांना ऐकावं लागलं.

पहिल्या काही वर्षांतच कामाचा भर बायकांच्या संघमांवर आला. संघम म्हणजे गावातल्या गरीब, बहुतांश दलित बायकांचा गट, आठवड्याला किंवा पंधरवड्याला बसणारा, रात्री जेवणं झाल्यावर. जहीराबाद, झरासंगम, न्यालकल, रायकोड या भागांतल्या पाऊणशे गावांत मिळून पाच हजारांच्या आसपास बायका यात आल्या. या बैठकांतून पुढे आलेली पहिली मागणी बियाण्याची नव्हती, खताचीही नव्हती. उन्हाळ्यात हाताला काम हवं होतं. म्हणून संस्थेने आधी मजुरीची सोय केली आणि ती मजुरी या बायकांच्या स्वतःच्याच पडीक तुकड्यांवर खर्च झाली. दगड वेचणं, बांध घालणं, चर खोदणं, तळ्यातला गाळ आणून पसरणं. एक उन्हाळा, दुसरा उन्हाळा. जमीन हळूहळू पेरण्याजोगी झाली. नापीक जमिनीचा सुधारकाळ घरात दाणा नसताना कोण सोसणार, या प्रश्नाचं उत्तर मजुरीने दिलं. संक्रमणाच्या वर्षांत उत्पन्न घटतं, ती घट शेतकऱ्याने एकट्याने सोसावी अशी अपेक्षा ठेवून आखलेल्या योजना का फसतात, ते इथे उलट बाजूने दिसतं.

या कहाणीतला एक मुद्दा नेहमी निसटतो. या बायकांनी रासायनिक शेती सोडून सेंद्रिय शेती धरली, असं म्हणणं चूक आहे. युरिया घ्यायला त्यांच्याकडे पैसाच नव्हता. त्यांचा प्रवास पडीक जमिनीपासून पिकापर्यंत आणि मजुरीपासून स्वतःच्या शेतापर्यंतचा. रसायनांची सवय लागलेला, ऊस किंवा कापूस करणारा, विहीर-बोअरवाला शेतकरी त्याच गावात शेजारी होता आणि तो फारसा हलला नाही. म्हणजे संस्थेने एक दार उघडलं खरं, पण तेच दार सगळ्यांसाठी उघडतं असं मानायला आधार नाही.

काय पेरायचं हे बायकांनी ठरवलं. एका एकरात ज्वारी आणि तूर या मुख्य ओळी, त्यांच्या अधेमधे मूग, उडीद, चवळी, अंबाडी, तीळ, राळे, कडेला आणखी काही. दहा-बारा पिकं तर सरसकट, काहींच्या शेतात वीसपर्यंत. पाऊस लवकर तोंड फिरवून गेला तर मूग-उडीद हाती लागतात. उशिरापर्यंत रेंगाळला तर तूर तरते. ज्वारीवर कीड आली तरी ती तुरीवर त्याच वेळी येत नाही. डाळवर्गीय पिकांची मुळं नत्र देतात, पसरणारी चवळी जमीन झाकते. रब्बीत बिनपाण्याची, नुसत्या ओलीवर आणि दवावर येणारी पिकंही होतीच. हरभरा, जवस, करडई, रब्बी ज्वारी. मंगळवेढ्याच्या शाळूवर वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि मग तण. शेतात आपोआप उगवणाऱ्या, खाता येण्याजोग्या पालेभाज्यांची संस्थेने नोंद घेतली, ती ऐंशीच्या आसपास गेली. तांदुळजा, तुंबा आणि अशा कितीतरी. पीक हाती यायच्या आधी, श्रावणाच्या तोंडी, जेव्हा गरिबाघरी धान्य संपलेलं असतं तेव्हा हीच भाजी घर चालवते. शेतकी खात्याच्या पुस्तकात या वनस्पतींचं स्थान तणनाशकाच्या प्रकरणात. उत्पन्न मोजताना एकरी क्विंटल ज्वारी किती एवढंच विचारलं, तर या शेताचा निकाल नापास लागतो. कडबा, डाळ, भाजी, तेल, बी आणि मातीत राहिलेला पाला मोजला तर तो निकाल बदलतो. मोजण्याची ही पद्धत बदलायला अधिकारी तयार नसणं हा मला बियाण्याच्या टंचाईहून मोठा अडसर वाटतो, कारण कर्ज, विमा आणि अनुदान तिन्ही त्याच मोजपट्टीवर चालतात.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर संस्थेने रेशनच्या तांदळाला समोरून उत्तर द्यायचं ठरवलं. केंद्र सरकारच्या ग्रामीण विकास मंत्रालयाच्या मदतीने सामूहिक धान्य निधी उभा राहिला. तीसेक गावांत मिळून अडीच हजार एकरांहून जास्त पडीक आणि अर्धपडीक जमीन त्यात आली. ज्याच्याकडे जमीन आहे पण नांगरटीला, खताला, पेरणीला पैसा नाही, त्याला एकरी ठरावीक रक्कम उचल म्हणून द्यायची. परतफेड पैशात घ्यायची नाही, ज्वारीत घ्यायची, काही वर्षांत विभागून. ती ज्वारी गावाबाहेर जायची नाही. गावातच कणग्यांत, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून साठवायची आणि पावसाळ्यातल्या टंचाईच्या महिन्यांत गावातल्याच गरीब घरांना बाजारापेक्षा कमी दराने विकायची. त्यातून आलेला पैसा पुढच्या हंगामाच्या निधीत.

गरीब कोण हे तहसीलदाराने ठरवलं नाही. गावकरी एकत्र बसले. जमिनीवर रांगोळीच्या रंगांनी गावाचा नकाशा काढला. घरं मांडली आणि कुणाची परिस्थिती किती बिकट याचे निकष स्वतःच बोलून काढले. घरात कमावतं माणूस आहे का, जमीन पिकते का, मुलं सालगडी म्हणून ठेवावी लागली का, बाईला नवऱ्याने टाकलं आहे का. सगळ्यात बिकट घराला सगळ्यात जास्त धान्य. सर्वांसमोर ठरल्यामुळे खोटं नाव घुसवणं अवघड झालं. या योजनेचा व्याप छोटा होता, पण तिने एक गोष्ट दाखवून दिली. गावात पिकणाऱ्या भरडधान्याला गावातच खात्रीचं गिऱ्हाईक मिळालं की लोक ते पेरतात. त्यासाठी वेगळ्या जनजागृतीची गरज पडली नाही.

बियाण्याचा भाग मला सगळ्यात आवडतो. प्रत्येक संघमने आपली बियाणे पेढी उभी केली. माती आणि शेणाने लिंपलेल्या टोपल्यांत पन्नास-साठ जातींचं बी. पैशाचा व्यवहार नाही. न्यायचं, पेरायचं, सुगीनंतर वाढवून परत करायचं. बी सांभाळणं हे आपल्याकडेही बायकांचंच काम होतं, घरात चांगलं कणीस निवडून आढ्याला टांगून ठेवणाऱ्या आज्या अजून पुष्कळांना आठवतील. संकरित बियाण्याच्या पिशव्या आल्या, तेव्हा बाजारात जाऊन त्या आणणारा पुरुष बियाण्याचा मालक झाला आणि बायकोचं मत घेण्याचं कारण उरलं नाही. पस्तापूरच्या गावांत हे पुन्हा फिरलं. ज्या दलित बाईला पूर्वी सवर्ण शेतकऱ्याच्या अंगणाबाहेर थांबावं लागे, तिच्या दाराशी तोच शेतकरी राळ्याचं बी मागायला येऊ लागला. जातीचा जाच त्याने संपला असं मी म्हणणार नाही. बी देणारा हात वरचा असतो, इतकंच.

१९९८च्या सुमारास सुरू झालेली जुन्या पिकांची जत्रा, तेलुगूत पात पंटल जातरा, याच कामाचं गावोगाव फिरणारं रूप. संक्रांतीला निघायचं, सजवलेल्या बैलगाड्यांत बियाण्याच्या टोपल्या, महिनाभर एकेका गावी मुक्काम, वाजतगाजत स्वागत, मग चर्चा. ही यात्रा संस्थेने एखाद्या मोहिमेसारखी कागदावर आखली असती तर दुसऱ्या वर्षी बंद पडली असती. तिने सणाचा मार्ग धरला म्हणून ती टिकली.

दरम्यान हैदराबादेत वेगळंच वारं होतं. १९९९ साली चंद्राबाबू नायडू सरकारचं ‘व्हिजन २०२०’ आलं, मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या मदतीने तयार झालेलं. शेतीवर अवलंबून असलेल्यांचं प्रमाण ७० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणायचं, यंत्रं आणि जनुकीय बियाणं वापरायचं, जमिनी एकत्र करायच्या, असा त्याचा रोख. ज्यांना शेतीतून बाहेर काढायचं होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. २००१च्या जूनच्या शेवटी अल्गोल गावात ‘प्रजातीर्पू’ भरलं, म्हणजे जनतेचा निवाडा. राज्यभरातून आलेले छोटे शेतकरी आणि शेतमजूर ज्युरीत, त्यांत निम्म्याहून जास्त बायका. अधिकारी, शास्त्रज्ञ, कंपन्यांचे प्रतिनिधी यांना साक्षीला बोलावलं. उलटतपासणी झाली. ज्युरीने ‘व्हिजन’ नाकारलं आणि गावाच्या ताब्यातली, आपल्या बियाण्यांची शेती मागितली. अहवाल लंडनमध्ये पोचला तेव्हा तिथल्या सरकारची मदत संस्था चिडली, कारण आंध्रला पैसा तीही पुरवत होती. निवाड्याची पद्धत पक्षपाती होती अशी टीका झाली. आयोजकच एका बाजूचे असले की असा आक्षेप येणारच आणि तो पूर्ण फोल नाही. पण ‘व्हिजन’ लिहिताना एकाही कोरडवाहू शेतकऱ्याची साक्ष काढली नव्हती, त्या पद्धतीला पक्षपाती कुणी म्हटलं नाही.

याच वर्षांत संघमच्या काही बायका कॅमेरा चालवायला शिकल्या. सतीश यांचं दूरदर्शनातलं अंग इथे कामी आलं. २००२च्या मार्चमध्ये जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. या बायका वरंगळ जिल्ह्यात जाऊन तो पेरलेल्या शेतकऱ्यांच्या मागे हंगामभर फिरल्या, पेरणीपासून वेचणीपर्यंत. त्यातून झालेली फिल्म बाहेर देशांतही दाखवली गेली. पुढे २००५ साली त्या पहिल्या तीन बीटी वाणांना आंध्रात परवानगी वाढवून मिळाली नाही. म्हणून बीटी कापूस थांबला का? अजिबात नाही. नवे वाण आले आणि काही वर्षांत तेलंगणाचा कापूस जवळजवळ सगळा बीटी झाला. इथे मला या संस्थेची मर्यादा दिसते. ती विरोध उत्तम नोंदवू शकली. कापूसवाल्याला त्याच्या कर्जाच्या आणि भावाच्या हिशोबात बसेल असा पर्याय ती देऊ शकली नाही. ज्वारी-तुरीच्या शेतातून घर खातं, पण मुलीच्या लग्नाचं आणि दवाखान्याचं रोख पीक कुठलं, याला राळ्याकडे उत्तर नव्हतं.

रेडिओची गोष्ट चिवटपणाची. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५मध्ये दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्याकडचे. त्यावर विसंबून युनेस्कोच्या मदतीने माचनूर गावी रेडिओ केंद्र उभं राहिलं. परवाना मात्र मिळेना. बायका कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत आणि कॅसेट संघमच्या बैठकांत वाजवत. सामाजिक संस्थांना परवाने देणारं धोरण २००६च्या शेवटी आलं आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी, ग्रामीण महिला दिनी, ९०.४ मेगाहर्ट्झवर संघम रेडिओ प्रत्यक्ष बोलू लागला. तो चालवणाऱ्या दोन्ही बायका नरसम्मा, म्हणून एकीला ‘जनरल’ नरसम्मा आणि दुसरीला अल्गोल नरसम्मा म्हणतात. पेरणी कधी धरावी, कुठल्या संघमकडे कुठलं बी आहे, तुरीवरच्या अळीला काय करावं, आणि गाणी. शेजारच्या गावातल्या बाईच्या आवाजातलं ऐकलं की विश्वास बसतो. विस्तार अधिकाऱ्याच्या पत्रकाला ती किंमत कधीच येत नाही. संस्था डिडगी इथे कृषी विज्ञान केंद्रही चालवते. सरकारी शेती संशोधनाच्या छत्राखालचं केंद्र आणि बायकांचं ज्ञान यांची तिथे मोट बांधायचा प्रयत्न झाला, तो कितपत जमला यावर वेगळं लिहावं लागेल.

बाजारात मात्र पावलं लहानच पडली. संघमचं स्वतःचं दुकान, जहीराबादेत भरडधान्याचे पदार्थ मिळणारं उपाहारगृह, धान्य घेऊन शहरात जाणारी गाडी. सेंद्रिय प्रमाणपत्राचा खर्च एकर-दोन एकरवालीला झेपणं अशक्य, म्हणून शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेताची हमी घ्यायची ही पद्धत पुढे आणणाऱ्यांत ही संस्था होती. निर्यातदार मात्र तिसऱ्या पक्षाचंच प्रमाणपत्र मागतो, त्यामुळे या हमीवर माल देशातल्या ओळखीच्या गिऱ्हाइकापर्यंतच पोचतो. मला त्यात वाईट काही दिसत नाही, पण ओळखीची गिऱ्हाइकं मोजकीच असतात.

धोरणात मात्र संस्थेचा आवाज तिच्या आकाराच्या मानाने फार मोठा उमटला. २००८च्या सुमारास भरडधान्यासाठी देशभरचं जाळं विणलं गेलं, त्यात सतीश पुढे होते. रेशनमध्ये ज्वारी-बाजरी-नाचणी आली पाहिजे ही त्याची मुख्य मागणी. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर लिहिला गेला. कागदावर मागणी मान्य झाली. प्रत्यक्षात बहुतेक राज्यांच्या रेशन दुकानांत तांदूळ-गहूच राहिले, कारण गोदामं, खरेदी केंद्रं, गिरण्या सगळं त्यांच्याच मापाने बांधलेलं. २०१८ साली ही धान्यं सरकारी दप्तरी ‘पौष्टिक धान्यं’ झाली. २०१९ला संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष. १८ मार्च रोजी दिल्लीत पंतप्रधानांनी ‘श्रीअन्न’ परिषदेचं उद्घाटन केलं आणि दुसऱ्याच दिवशी, १९ मार्चला, पी. व्ही. सतीश हैदराबादेत गेले. त्यांना पस्तापूरला आणलं.

त्यांच्या पश्चात जे उरलं आहे ते सोपं नाही. जहीराबादजवळ राष्ट्रीय गुंतवणूक आणि उत्पादन क्षेत्रासाठी न्यालकल आणि झरासंगम भागांतली साडेबारा हजार एकरांच्या घरातली जमीन आखलेली आहे. तीस वर्षं दगड वेचून पिकती केलेली जमीन औद्योगिक नकाशात पुन्हा ‘कमी उत्पादक’ ठरते, आणि सरकारी वाटपातली जमीन असेल तर मोबदला देतानाही हात आखडतो. संघमच्या बायकांनी या प्रकल्पाला विरोध केला. २०१८पासून तेलंगणात शेतकऱ्याच्या खात्यात एकरी थेट रक्कम येऊ लागली, ती सुरुवातीला हंगामाला चार हजार रुपये होती. मिळाली जमीनमालकाला. खंडाने किंवा बटाईने कसणाऱ्या बाईला नाही, आणि संघमनी सामूहिक खंडावर घेतलेल्या जमिनींना तर नाहीच. शेतीपंपाला मोफत वीज आहे, म्हणजे ज्याची बोअर त्याला अनुदान, आणि ऊस लावायला आणखी एक कारण. बिनपाण्याने पिकवणाऱ्याला पाणी वाचवल्याबद्दल एक पैसा मिळत नाही. पीकविमा अधिसूचित एकेका पिकाचा असतो. बारा पिकं एकत्र पेरलेल्या शेताचं नुकसान त्यात कसं भरायचं हे अर्ज भरून घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. बँकेचा कर्जदरही पीकनिहाय ठरलेला.

शेजारच्या आंध्र प्रदेशात २०१६पासून सरकारच नैसर्गिक शेतीचा कार्यक्रम चालवतं. त्याची सुरुवातीची प्रेरणा अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांची. तिथे लाखो शेतकरी जोडले गेले, कारण गावोगावच्या बचत गटांचं जाळं तयार होतं आणि शेतकऱ्यांतूनच निवडलेल्या प्रशिक्षकांना मानधन द्यायला सरकारचा पैसा होता. पाऊणशे गावं विरुद्ध एक अख्खं राज्य, अशी तुलना करून पस्तापूरला खुजं ठरवता येईल. मला ती तुलना अन्यायाची वाटते. पण ज्यांना हे काम वाढवायचं आहे त्यांना तिच्याकडे डोळेझाक करता येणार नाही. देणगीवर चालणारी संस्था नमुना उभा करते. त्याचा विस्तार पंचायत, बँक, खरेदी केंद्र यांच्यावाचून होत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट कुठल्याही सरकारच्या हातात नाही. मिश्र शेत एकदम कापता येत नाही. आधी मूग तोडायचा, मग उडीद, मग राळे कापायचे, मग ज्वारी, शेवटी तूर. दर वेळी हाताने, ओळीत शिरून, शेजारचं पीक न तुडवता. बारा पिकं निवडून कापणारं यंत्र अजून निघालेलं नाही. राळे, वरी, कोद्रा यांचं टरफल काढायला पूर्वी उखळ-मुसळ होतं आणि बायकांचे तासन्‌तास जात. ते काम लहान गिरणी करू शकते आणि काही ठिकाणी करतेही. शेतातलं काम मात्र हातानेच करावं लागतं. ते करणाऱ्या बायका आज साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या मुली शिकल्या, सुना जहीराबादेत किंवा हैदराबादच्या वाटेवरच्या पाटणचेरूच्या कारखान्यांत जातात, तिथे महिन्याचा पगार ठरलेला असतो. त्यांनी ऊन खात मूग तोडावा असं सांगण्याचा अधिकार कुणाला नाही, संस्थेलाही नाही. त्या आल्याच तर मजुरीच्या दराला आल्या पाहिजेत, आणि तो दर निघायचा तर ज्वारीला, राळ्याला हैदराबादच्या दुकानात जो भाव आहे त्यातला बराच मोठा हिस्सा झरासंगमच्या शेतापर्यंत परत यायला हवा. तूर्त तो वाटेतच संपतो, आणि पस्तापूरला पुढची काही वर्षं त्याच वाटेवर काम करावं लागेल.